शेवटचे सत्र कॉलेजबाहेर : इंटर्नशिपच्या गावी रुळायचे कसे?

कणकुंबीकर (धागाकर्ता)

सर्व सभासदांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतला असून बेळगावच्या एका महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी 14 ते 20 आठवड्यांची सलग इंटर्नशिप आहे. त्यासाठी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रुजू झालो. आज तिसरा आठवडा संपला, तरी मन अजिबात रमलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

कामाचा त्रास होतो असे म्हणता येणार नाही, कारण काम असे फारसे मिळालेलेच नाही. सकाळी 8 वाजता हजेरी लावतो, गुणवत्ता विभागाच्या कोपऱ्यात बसतो आणि रिजेक्शनच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, जुन्या वह्यांतले आकडे संगणकावर उतरवतो. ज्यांच्या हाताखाली मला दिले आहे ते साहेब स्वभावाने चांगले आहेत, पण दिवसभर त्यांच्या कानाचा फोन सुटत नाही. कॉलेजात दिवस आपोआप भरलेला असायचा. तास, प्रॅक्टिकल, जर्नल, कॅन्टीन आणि संध्याकाळी मैदान. इथे पाच वाजता सुटलो की दासरहळ्ळीच्या खोलीवर यायचे आणि छताकडे बघत पडायचे. खोलीत आम्ही तिघे राहतो, पण बाकीचे दोघे रात्रपाळीला असल्यामुळे मी पोहोचतो तेव्हा ते निघायच्या गडबडीत असतात. महिना 8000 रुपये विद्यावेतन मिळते, त्यातले 6500 रुपये जेवणासह खोलीला जातात, आणि उरलेल्या पैशांत रविवारी कुठे जावे हेही सुचत नाही.

लिहायला संकोच वाटतो, तरी सांगतो. पुणे-बेंगळूर महामार्ग पीण्याला लागूनच आहे. संध्याकाळी त्या बाजूने चालत येताना बेळगावच्या पाटीची बस दिसली की गळा दाटून येतो, कारण हाच रस्ता सरळ आपल्या गावापर्यंत जातो.

अशा सत्रातून जे गेले आहेत त्यांनी कृपया सांगावे : तुम्ही किती दिवसांनी रुळलात, आणि त्यासाठी नेमके काय केलेत?

तिसरे गेट

पहिला महिना सगळ्यांना असाच जातो, धीर सोडू नकोस. पैशांची ओढाताण असेल तर केंद्र सरकारच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेसाठी अर्ज करून बघ, तिथे महिन्याला 5000 रुपये मिळतात असे वाचले आहे.

उद्यमबागकर

कणकुंबीकर, तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीत लिहितो. मी 24 वर्षे बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आहे आणि दर फेब्रुवारीत तुझ्यासारखी दोन-चार मुले आमच्याकडे येतात. त्यामुळे कारखान्यातल्या माणसांना इंटर्न कसा दिसतो तेवढे प्रामाणिकपणे सांगतो.

तू आलास त्या दिवशी तुझ्या साहेबांच्या डोक्यात बहुधा तीन ऑर्डरी, एक बंद पडलेले मशीन आणि ग्राहकाची एक तक्रार असणार. तुला काय द्यावे याचा विचार करायला त्यांना सवड झाली नाही, म्हणून हाताशी होत्या त्या वह्या दिल्या. यात तुझा अपमान नाही. मात्र ते स्वतःहून कधी तरी मोठे काम देतील या आशेवर तू कोपऱ्यात बसून राहिलास तर मे महिनाही त्याच कोपऱ्यात उजाडेल. "सर, मी काय करू?" असे विचारू नकोस, कारण त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम पुन्हा त्यांच्याच डोक्यावर पडते. "उद्या सकाळी त्या मशीनवरच्या पहिल्या दहा जॉबची (म्हणजे तयार भागांची) मापे मी घेऊ का?" असे विचार. त्याला हो म्हणायला कुणालाही अर्धा क्षण पुरतो.

आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी येळ्ळूरचा एक मुलगा आला होता. त्यालाही पहिले दोन आठवडे आम्ही कागदच दिले. मग एक दिवस तो साच्यांच्या वाळूपाशी जाऊन उभा राहिला. आमचे जुने मोल्डर मामा ओली वाळू मुठीत घट्ट दाबतात आणि मूठ उघडून बघतात. गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत, आणि गोळा मधोमध मोडला तर कडा न ढासळता साफ तुकडा पडला पाहिजे. पाणी कमी असेल तर वाळू भुरभुरते. जास्त असेल तर हाताला चिकटते, आणि तसल्या साच्यात धातू ओतला की वाफ आत कोंडून कास्टिंगला छिद्रे पडतात. त्या मुलाने मामांना फक्त एवढेच विचारले, "मामा, मी पण दाबून बघू?" पुढचे चार दिवस तो आधी मुठीने अंदाज लिहायचा आणि मग प्रयोगशाळेतल्या यंत्रावर आर्द्रता मोजायचा. पाचव्या दिवशी मामा त्याला जेवायला आपल्या शेजारी बसवू लागले. त्या दिवसापासून तो आमच्यातला झाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि रिजेक्शनच्या वह्यांना क्षुल्लक समजू नकोस. कारखान्याची सगळी दुखणी त्यात तारीखवार लिहिलेली असतात. नुसते उतरवून काढू नकोस. तारीख, पाळी आणि मशीनचा क्रमांक असे वेगळे रकाने कर आणि बघ काय दिसते ते.

विणकरवाडा

उद्यमबागकर काकांचे म्हणणे कामापुरते पूर्ण पटले, पण धागाकर्त्याचे दुखणे संध्याकाळी पाचनंतरचे आहे, त्याबद्दल लिहितो.

मी बेळगावातल्या वडगावचा. माझी इंटर्नशिप पुण्यात हिंजवडीला होती, आणि पुणे म्हणजे आपलेच, तिथे मराठी बोलायला मिळणार म्हणून मी आनंदाने गेलो. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारले, "तू मूळचा कन्नड का?" माझ्या तोंडून "काय करालास?" (काय करतो आहेस?) असे काही निघाले की मुले हसायची, मनात वाईट नव्हते त्यांच्या, तरी मला लागायचे. आयुष्यभर ज्या भाषेसाठी आपण आपल्या गावी जीव टाकतो, त्याच भाषेत आपण परके ठरतो आहोत असे वाटले, आणि महिनाभर मी फारसे बोललोच नाही. नंतर कळले की गप्प राहिल्याने माझा उच्चार सुधारत नव्हता, मी फक्त एकटा पडत होतो.

बेंगळुरात तुला याची दुसरी बाजू भेटेल. आपली कन्नड धारवाड वळणाची. "या" म्हणताना आपण "बर्री" म्हणतो तिथे ते "बन्नी" म्हणतात, आणि आपले "हौद्री" (होय जी) ऐकून त्यांना लगेच कळते की हा वरच्या अंगाचा आहे. त्याची लाज बाळगू नकोस. पीण्यात उत्तर कर्नाटकातून आलेली कितीतरी माणसे कामाला आहेत, आणि त्यांच्या कानाला तुझे ते "री" गावाकडचे वाटेल. आपण मराठी शाळेत शिकलो तरी कन्नड हा विषय होताच, त्यामुळे फलक वाचता येतात. परराज्यातून आलेल्या मुलापेक्षा तुझ्या हातात एवढे जास्त आहे.

निपाणीची लेक

इथे सगळे जण दूर गेल्याचेच दुःख सांगत आहेत, म्हणून उलट अनुभव नोंदवते. घरच्यांनी दूर पाठवले नाही म्हणून मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव वसाहतीत इंटर्नशिप घेतली आणि रोज निपाणीहून ये-जा केली. सकाळी साडेसहाला घर सोडायचे, कोगनोळीचा टोलनाका आणि कागल ओलांडून कामावर पोहोचायचे आणि संध्याकाळी तसेच परत. आपल्याकडची महिलांच्या मोफत बसप्रवासाची शक्ती योजना आहे खरी, पण तिचा मोफत प्रवास कर्नाटकापुरताच. पलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धे तिकीट. अशी तिकिटांची बेरीज करत महिना जायचा.

पण खरा त्रास तिकिटांचा नव्हता. मी घरीच आहे म्हटल्यावर घरची सगळी कामेही माझ्याकडेच राहिली. कंपनीतल्या मुली सुटल्यावर एकत्र चहाला जायच्या, त्या चहात त्यांच्या ओळखी झाल्या, त्यांना कुठे जागा निघणार हे आधी समजले, आणि मी मात्र सहाच्या गाडीसाठी धावत असायची. साडेचार महिन्यांत एकही मैत्रीण झाली नाही. कणकुंबीकर, तुझ्या संध्याकाळी रिकाम्या आहेत हे तुला आज जड जाते आहे, पण त्या तुझ्या आहेत. मला त्या मिळाल्या असत्या तर मी फार जपल्या असत्या.

निवृत्त मास्तर

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अनेक वर्षे इंटर्नशिपचे समन्वयन केले. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट, तिसरे गेट यांनी सुचवलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना धागाकर्त्याच्या उपयोगाची नाही. 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ती योजना 21 ते 24 वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्या तरुणांसाठी आणि 12 महिन्यांची आहे. नियमित सत्रात नाव असलेल्या विद्यार्थ्याने तिथे वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट, विद्यापीठाने सातव्या आणि आठव्या सत्रांची अदलाबदल करण्याची सवलत महाविद्यालयांना दिली आहे. म्हणजे काही ठिकाणी अर्धा वर्ग सातव्या सत्रात बाहेर जातो आणि परत येऊन आठवे सत्र वर्गात काढतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी जाणे मला अधिक बरे वाटते, कारण परत आल्यावर आपले अनुभव सांगायला मित्र आणि विचारायला शिक्षक समोर असतात. शेवटच्या सत्रात गेलेला मुलगा मित्रांचा निरोप घेऊनच जातो. कणकुंबीकराला जे जाणवते आहे त्यातला बराचसा भाग बेंगळूरचा नसून कॉलेज संपल्याचा आहे, असे मला त्याचे पत्र वाचताना वाटले.

तिसरी गोष्ट, तुमच्या अंतर्गत मार्गदर्शकांना दर आठवड्याला केवळ हजेरीपुरते लिहू नका. या आठवड्यात मी काय पाहिले, काय समजले नाही, असे चार ओळींत लिहा. ज्या मुलांनी मला "समजले नाही" असे कळवले, त्यांनाच मी फोन करू शकलो.

घाटवाट

मास्तरांचा आदर राखून असहमती नोंदवतो. मुलाने मनाची तयारी करावी, चांगले प्रश्न विचारावेत, हे सगळे ठीक आहे. पण साडेचार महिने एखाद्याकडून केवळ आकडे भरून घेणे ही इंटर्नशिप आहे का, हे कुणी विचारणार की नाही? माझ्या वेळी मला एका कंपनीत तीन महिने पावत्या लावायला बसवले होते. मी आज-उद्या करत राहिलो, आणि अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा लिहायला काहीच नव्हते. चौथ्या आठवड्याच्या आत महाविद्यालयाला लेखी कळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यमबागकर

घाटवाट यांचा राग मी समजू शकतो, आणि असे कारखाने आहेत हेही मान्य करतो. पण लेखी तक्रारीआधी एक लेखी मागणी असावी. "मला पुढच्या आठवड्यापासून हे काम करायचे आहे" असा एका परिच्छेदाचा मेल साहेबांना पाठवावा आणि त्याची प्रत मार्गदर्शकांना द्यावी. आठ दिवसांत काहीच हलले नाही तर घाटवाट म्हणतात तसे करावे.

निवृत्त मास्तर

हे योग्य आहे, आणि घाटवाट यांच्या चार आठवड्यांच्या मर्यादेलाही माझा पाठिंबा आहे. उशीर झाला की दुसऱ्या ठिकाणी ठरलेले आठवडे पूर्ण करणे अवघड होते, आणि आमचेही हात बांधले जातात.

काळी माती

मी धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात शिकले. आम्हाला शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी एका खेड्यात राहायला पाठवतात, म्हणजे तुम्ही गावातून शहरात जाता आणि आम्ही वसतिगृहातून गावात. रुळण्याचा प्रश्न मात्र तोच असतो.

पहिले दहा दिवस गावातले लोक आमच्याशी पाहुण्यांसारखे वागत होते. चहा द्यायचे, खुर्ची द्यायचे आणि आम्ही काही विचारले की "सगळे बरे आहे" म्हणायचे. मग अभ्यासाचा भाग म्हणून आम्ही देवळासमोरच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायला घेतला. पांढऱ्या रांगोळीने रस्ते, निळ्या रंगाने ओढा, हिरव्याने शेते. आम्ही पाच मुली वाकून रेघा ओढत होतो, तेवढ्यात एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "ही विहीर इथे नाही, चिंचेच्या पलीकडे आहे." मी रांगोळीची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी विहीर जागेवर घातली, मग बुजलेल्या दोन जुन्या विहिरी दाखवल्या, मग कुठल्या साली कुठले पाणी आटले ते सांगू लागले. तासाभरात अंगणात तीसेक माणसे जमली आणि प्रत्येक जण आमची चूक दुरुस्त करत होता. त्या दिवसानंतर मला कुणी खुर्ची दिली नाही. ओट्यावर सरकून जागा करून दिली.

मला वाटते, कुणाला तरी आपले काम दुरुस्त करायची संधी द्यावी लागते. उद्यमबागकरांच्या वाळूच्या गोष्टीतही तेच घडले आहे.

हिंदवाडीची आई

मुलांचे आपापसात चालले आहे, त्यात मी एक आई म्हणून लिहिते. माझा मुलगाही गेल्या वर्षी असाच चार महिने बाहेर होता. मी दिवसातून तीन वेळा फोन करायची : जेवलास का, झोपलास का, काय खाल्लेस. तो दर वेळी "हो, सगळे छान आहे" म्हणायचा. नंतर कळले की माझा फोन आला की तो खोलीच्या बाहेर जिन्यात येऊन बसायचा आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहायचा. माझ्या मायेचे त्याला ओझे झाले होते, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले.

मग आम्ही ठरवले की रात्री जेवणानंतर एकदाच बोलायचे, आणि त्यात त्याने मला दिवसातली एक तरी गोष्ट नीट सांगायची. हळूहळू तो लेथ म्हणजे काय, चक म्हणजे काय हे सांगू लागला. मला त्यातले अर्धेच कळायचे, पण त्याच्या आवाजातला फरक कळायचा. कणकुंबीकर बाळा, घरच्यांना खोटे सांगू नकोस, आणि सगळे एकदम खरे सांगून त्यांची झोपही उडवू नकोस. रोज एक गोष्ट सांग.

तिसरे गेट

योजनेबद्दल माझी माहिती अपुरी होती, मास्तरांनी दुरुस्त केले त्याबद्दल आभार. रविवारविषयी मात्र मला नक्की माहीत आहे, कारण मी बेंगळुरात सहा वर्षे काढली आहेत. दासरहळ्ळीला मेट्रो आहे. हिरव्या मार्गाने मॅजेस्टिकला उतरावे, तिथे जांभळा मार्ग पकडून कब्बन पार्कला जावे. उद्यानातल्या लाल इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि कस्तुरबा रोडवर विश्वेश्वरय्या औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय आहे. मेकॅनिकलच्या मुलाने तिथल्या इंजिनांच्या दालनात एक अख्खा दिवस काढावा. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घेणार आहेस, त्यांच्याच नावाची ती वास्तू आहे. मराठी माणसे हवी असतील तर गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे.

कणकुंबीकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मधले काही आठवडे लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही घडू द्यावे असे ठरवले होते.

उद्यमबागकर काकांनी सांगितल्याप्रमाणे साहेबांना मेल लिहिला. उत्तर आले नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारून एका मशीनवर सकाळची पहिली मापे घ्यायला सांगितले. त्या मशीनवरचे ऑपरेटर गदग जिल्ह्यातले आहेत. विणकरवाडा यांनी लिहिले ते खरे ठरले, मी "हौद्री" म्हटल्याबरोबर त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले आणि "यावूर?" म्हणजे कुठल्या गावचा असे विचारले.

गुढीपाडव्याला सुट्टी टाकून घरी यावे असे फार वाटत होते, पण आलो नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर त्या ऑपरेटरांनी डब्याच्या झाकणात माझ्यासाठी बेवु-बेल्ला ठेवला होता. आई सणाला हातावर ठेवते तोच कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ. मी मशीनपाशी उभ्यानेच तो खाल्ला आणि आईला दुपारीच फोन केला. रात्रीपर्यंत थांबवले नाही.

आता एक नवा पेच आहे. बेळगावात वैशाखात होणारी आपली शिवजयंती जवळ आली आहे. चित्ररथांच्या मिरवणुकीला मी लहानपणापासून एकदाही चुकलो नाही, आणि आमच्या मंडळाच्या देखाव्यात दर वर्षी माझा हात असतो. दोन दिवस रजा मागावी का?

विणकरवाडा

अवश्य ये. रात्रीच्या गाडीला यशवंतपूरला बसलास की सकाळी बेळगाव. मी पुण्याहून आलो नव्हतो, त्याची चुटपुट अजून आहे.

उद्यमबागकर

माझे मत वेगळे आहे. नुकतेच काम हाताला लागले आहे आणि मापांची सलग नोंद मध्येच तुटली तर तिचा उपयोग राहणार नाही. यंदा मिरवणूक मोबाइलवर बघ.

निपाणीची लेक

काका, मापांची दोन दिवसांची नोंद ते गदगचे ऑपरेटर ठेवू शकतील. त्याने त्यांना विचारून तर बघावे! आपल्या गावचा सण आणि आपले काम यांत प्रत्येक वेळी कामालाच पुढे ठेवायचे असेल, तर ही मुले पुढे गावाकडे येणारच नाहीत.

काळी माती

विचारून बघ, हे अगदी बरोबर. ज्यांना आपण मदत मागतो त्यांच्याशी नाते घट्ट होते.

उद्यमबागकर

ताईंचे म्हणणे मान्य. मी माझा आग्रह मागे घेतो. नोंदीचा तक्ता मात्र आधीच आखून दे, म्हणजे त्यांना फक्त आकडे लिहावे लागतील.

सहावे सत्र

मी मच्छेजवळ राहते आणि पुढच्या वर्षी माझी पाळी आहे. वरचा धागा वाचून धीर आला आणि भीतीही वाटली. कणकुंबीकर दादा, शेवटी काय झाले ते कृपया लिहा.

कणकुंबीकर (धागाकर्ता)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे आणि परवा माझे 16 आठवडे पूर्ण होतील, म्हणून सविस्तर लिहितो.

शिवजयंतीला आलो होतो. तक्ता आखून दिला होता आणि ऑपरेटरांनी दोन्ही दिवस न चुकता आकडे भरले. शिवाय मी कधीच लिहीत नव्हतो अशी एक गोष्टही त्यांनी समासात लिहून ठेवली होती : मशीन किती वाजता सुरू केले. तो रकाना मिळाल्यावर माझे कोडे सुटले. जुन्या वह्यांतून मी तारीख, पाळी आणि मशीन वेगळे केले तेव्हा सोमवारी सकाळी नाकारलेले जॉब जास्त दिसत होते, पण कारण समजत नव्हते. रविवारी कारखाना बंद असल्यामुळे मशीन पूर्ण गार झालेले असते. ते चालू लागले की स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, तापतो आणि अगदी थोडा लांबतो. तापलेल्या स्पिंडलवर बसवलेले माप गार मशीनला लागू पडत नाही, म्हणून सोमवारचे पहिले काही जॉब भोकांच्या खोलीला कमी पडतात. पुस्तकात हे शिकवले होते आणि परीक्षेत मी ते लिहिलेही होते. डेप्थ गेज हातात धरून, एका जॉबपाठोपाठ दुसऱ्या जॉबवर काटा सरकताना पाहीपर्यंत मात्र ते मला कळले नव्हते.

साहेबांनी फोन बाजूला ठेवून पूर्ण वीस मिनिटे माझे ऐकले. आता सुट्टीनंतर मशीन आधी रिकामे चालवायचे आणि मगच काम लावायचे असे ठरले आहे. मास्तरांना सांगायचे म्हणजे, अहवालासाठी मजकूर भरपूर आहे, आणि मार्गदर्शकांना लिहिलेली "समजले नाही" ची पत्रे जोडली तर त्यातच निम्मा अहवाल तयार होतो.

आता मूळ प्रश्न. किती दिवसांनी रुळलो? मला वाटते साधारण सातव्या आठवड्यात, पण तो दिवस मला दाखवता येणार नाही. रविवार अजूनही जड जातो. संग्रहालयात तीनदा गेलो, महाराष्ट्र मंडळात एकदा. खोलीतल्या दोघांपैकी एकाची पाळी बदलल्यापासून आम्ही रात्री एकत्र जेवतो. तो रायचूरचा आहे आणि भाकरीवाचून त्याचाही जीव कासावीस होतो. महामार्गावर बेळगावची बस दिसली की अजूनही थांबून बघतो.

सहावे सत्र यांच्यासाठी : खोली बघताना भाडे विचाराल तसे खोलीतले बाकीचे लोक कोणत्या पाळीला आहेत हेही विचारा. मी ते विचारले नव्हते, आणि पहिले दोन महिने त्यामुळेच अधिक एकट्याने गेले.

सहावे सत्र

हे मी वहीत लिहून ठेवले. मशीन आधी रिकामे चालवायची पाटी लावली आहे का? कन्नडमध्ये?

कणकुंबीकर (धागाकर्ता)

हो, पाटी मीच लिहिली. "मोदलु 20 निमिष मशीन खाली ओडिस्री." म्हणजे आधी 20 मिनिटे मशीन रिकामे चालवा. साहेब म्हणाले, इथल्या पद्धतीने "ओडिसि" कर. मी खोडायला पुढे झालो, तर गदगच्या ऑपरेटरांनी माझ्या हातातला मार्कर काढून घेतला आणि म्हणाले, "इरली बिडु." असू दे, राहू दे. आज संध्याकाळपर्यंत तरी ती तशीच होती.

हिंदवाडीची आई

बाळा, त्या पाटीचा एक फोटो घेऊन ठेव आणि आईला दाखव. परवा यशवंतपूरला गाडीत बसलास की इथे एक ओळ टाक.